नंबराचं गाणं

अलीकडच्या संगीतातले कोणते अल्बम पुढे अभिजात ठरतील, असा प्रश्न पेपरवाले ज्यांना विचारतात, ते लोक बंद खोलीत कानाला मऊ हेडफोन लावून ऐकणारे असतात. मी बावीस वर्षं साखर कारखान्याच्या यार्डात, खिडकीशी बसून ऐकत आलोय. तेही एका वेळी शंभर-दीडशे गाणी एकदम. त्यामुळे या विषयात माझा अधिकार कुणापेक्षा कमी आहे असं मी मानत नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर आमच्याकडे जो तो तोच दर्जा मागतोय. वरवंडच्या पुढे हायवेला एका मिसळवाल्याने पाटीवर 'अभिजात मिसळ' असं लिहून घेतलंय. मग मी दोन शब्द बोललो तर काय बिघडलं?

आमचं घर शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडे. कारखाना पलीकडे, दौंड तालुक्यात. त्याचं नाव सांगत नाही, कारण निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. माझं काम नंबर द्यायचं. उसाचा ट्रॅक्टर गेटातून आत आला की मी खिडकीतून त्याला नंबराची चिठ्ठी देतो, मग तो यार्डात रांगेला उभा राहतो, आणि मी माईकवरून नंबर पुकारला की काट्यावर वजनाला जातो. मधे कधी चार तास जातात, कधी दिवस जातो. तेवढा वेळ ड्रायव्हरला दुसरा उद्योग नसतो. तो डेक लावतो. आमच्या भागात असे ट्रॅक्टर आहेत की ज्यांचे ब्रेक देवाच्या भरवशावर असतात, पण स्पीकरचे बॉक्स चार असतात आणि चारही उत्तम स्थितीत असतात.

अशा जागी बसून माणसाला संगीतातलं कळायला लागणारच. सगळ्यात आधी मला हे कळलं की आमच्याकडे अल्बम म्हणजे एकच गाणं. भीमेच्या काठावर एक मुलगा, पुण्याहून एका दिवसासाठी आणलेली एक मुलगी, मागून आणलेली एक बुलेट आणि मागे दुसऱ्याच्या मालकीचा ऊस, एवढं चित्रीकरण झालं की 'अल्बम काढला' म्हणायचं. अल्बमचा दुसरा प्रकार पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा. त्यात पुढाऱ्याला वाघ म्हणतात. पुढाऱ्याने पक्ष बदलला की चाल तीच ठेवून फक्त झेंड्याचा रंग बदलतात, आणि वाघ वाघच राहतो. टिकाऊपणाच्या बाबतीत या दुसऱ्या प्रकाराला तोड नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

बाकीच्यांची कसोटी कडक असे. मोळी टाकून हंगाम सुरू होताना जे गाणं साऱ्या यार्डाला वेड लावतं, ते संक्रांतीला ऐकू येत नाही. संक्रांत ओलांडली तर शिमग्यापर्यंत जातं. आणि पुढच्या हंगामात, पहिल्या आठवड्यात, कुणीही न सांगता पुन्हा वाजलं, तर मी ते अभिजात धरायचो. गेल्या हंगामातली यंदा तीनच उरली होती, आणि त्यातलं एक तर एका डेकमध्ये पेनड्राइव्ह अडकून बसल्यामुळे. गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दर हंगामाला मला विचारत, "साहेब, यंदा कुठलं टिकनार?" मी चहाचा घोट घेऊन, जरा वेळ लावून, सांगायचो. बहुतेक वेळा खरं ठरायचं. त्यामुळे मी फुगलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही. सारेगममधला सा कुठे संपतो आणि रे कुठे सुरू होतो हे मला आजही कळत नाही, पण टपरीवर कुणी ते विचारत नसे.

अशा माणसाच्या घरात मुलाने अल्बम काढला.

मुलगा सव्वीस वर्षांचा. रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडून एका कंपनीत लागला होता. चार वर्षं शिफ्टच्या बसने गेला, आला. एके दिवशी म्हणाला, "आप्पा, मी ब्रेक घेतलाय." मला वाटलं जेवणाचा. मग कळलं की त्याने काम सोडलं होतं आणि वरवंडला, खतऔषधांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या एका स्टुडिओत तो गाणी रेकॉर्ड करत होता. एक नाही, आठ. आठही एका धाग्यातली, असं त्याचं म्हणणं. नदी नाही, बुलेट नाही, मुलगी नाही.

"मुलगी न्हाई तर बघणार कोण?" मी विचारलं.

"बघायचं न्हाई आप्पा. ऐकायचं हाय."

त्याच्या आईची चिंता वेगळी. सोयरीक घेऊन येणारा पाहुणा विचारायचा, मुलगा काय करतो? ती म्हणायची, अल्बम करतो. पाहुणा चहा संपवायचा आणि पुन्हा यायचा नाही. शेवटी एका सकाळी तिने दोघांना समोर बसवलं आणि हे किती दिवस चालायचं ते ठरवा म्हणाली. ठरवलं मुलानेच. कंत्राटदार शिमग्यानंतर नव्याने फॉर्म भरून घेणार होता. तोवर गाण्यांचं काही झालं तर ठीक, नाहीतर तो गुपचूप फॉर्मवर सही करणार.

"काही झालं म्हंजी काय?" आई म्हणाली.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आप्पांच्या यार्डात वाजलं तर मी मानीन. पर एक. आप्पांनी कुनाला सांगायचं न्हाई. आपलं आपन वाजलं पायजे."

मी शब्द दिला. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं की काय सांगू. पोराने पुण्यातल्या जाणकारांना सोडून माझं यार्ड निवडलं होतं. त्याने गाणी माझ्या फोनमध्येही घालून दिली. मी पहिलं गाणं पूर्ण ऐकलं, शिफ्टच्या बसचं. दुसरं अर्धं ऐकलं. तो गातो कमी आणि बोलतो जास्त, असं माझं मत झालं, ते मी मनात ठेवलं. उरलेली सवडीने ऐकू म्हणालो. दिवसभर यार्डातून कान भरून आलेल्या माणसाला घरी शांतता लागते. त्याने एकदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

गावातल्या दोन-तीन ड्रायव्हरांकडे त्याची गाणी होती. मी रोज खिडकीत बसून कान टवकारायचो. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा शिफ्टच्या बसचं गाणं सुरू झालं. मी चिठ्ठी लिहायचा थांबलो. दहा सेकंद वाजलं असेल. मग ड्रायव्हरने पुढचं बटण दाबलं आणि वाघ आला. मला त्या ड्रायव्हरचा असा राग आला, की त्याच्या कानाखाली एक द्यावी असं वाटलं. आणि पोराची इतकी कीव आली की घरी गेल्यावर मी त्याच्याकडे नीट बघितलंच नाही.

त्यानंतर चार दिवसांनी एक ट्रॅक्टर गेटातून तेच गाणं लावून आत आला. मोठ्याने, काचा हादरतील अशा आवाजात. खिडकीशी आला तरी गाणं चालूच. ड्रायव्हर मान डोलावत होता. आता जे झालं ते मी कुठलाही बेत न करता केलं, हे माझ्या बाजूने एवढंच सांगण्यासारखं आहे. मी त्याला हाताने पुढे काढलं. सरळ काट्यावर. मागचे ओरडले तेव्हा म्हणालो, "त्याचा ऊस वाळतोय." ऊस चांगला हिरवागार होता.

यार्डातल्या ड्रायव्हरांना दिवसभर दुसरं काम नसतं. ते माझा अभ्यास करतात. मी कधी चिडतो, कधी चहाला उठतो, कुणाशी हसून बोलतो, सगळं त्यांना पाठ. दुसऱ्या दिवशी तीन ट्रॅक्टर शिफ्टची बस वाजवत आले. तिघांचाही ऊस वाळत होता. चौथ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं. आठवड्याच्या आत अख्खं यार्ड माझ्या पोराच्या आवाजात बोलायला लागलं. आमच्याकडे गाणं गाजायला आधी हळदीत वाजावं लागतं, मग वरातीत, मग गणपतीत. हे एकदम कारखान्यातून सुरू झालं.

अडचण अशी झाली की सगळ्यांनीच ते लावल्यावर कुणीच पुढे जाईना. रांग होती तशीच झाली. मग ते आवाजावर आले. जो जास्त मोठ्याने लावेल त्याच्याकडे माझी मान वळते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो बरोबर होता. बॉक्स वाढले. काट्यावरच्या कारकुनाने कानात कापूस घातला आणि मला म्हणाला, "पोरगं गाजलं बरं का तुमचं." मी त्याच्या तोंडावर खोट शोधली. सापडली असती, पण मी फार शोधली नाही.

मी ते सगळं खरं धरायला लागलो होतो, ही यातली मोठी गंमत. टपरीवर मला विचारलं, यंदा कुठलं टिकणार, तर मी घोट घेऊन, वेळ लावून, आपल्याच पोराचं नाव न घेता म्हणालो, "ते बसचं. त्यात दम आहे. हे पुढे अभिजात धरतील." टपरीवाले आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ग्लास विसळायला घेतला.

मोबाइलवर बातम्या टाकणाऱ्या एका पोराने यार्डात येऊन चित्रण केलं: ऊस उत्पादकांना वेड लावणारा भूमिपुत्र. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मुलगा मधे आणि भोवती अठरा माणसं, ज्यांतल्या एकानेही गाणं ऐकलं नव्हतं. एका संचालकाचा निरोप आला की साहेबांच्या वाढदिवसाला एक करून द्या, त्यात वाघ घ्या. मुलाने नाही म्हणून सांगितलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा संचालकाला नाही म्हटल्याचा आनंद झाला.

घरात तो निराळाच माणूस झाला होता. जेवताना बोलायचा, हसायचा. आई सोयरिकीचं बोलली तर चिडायचा नाही. शिमगा जवळ आला तसा कंत्राटदाराचा फोन आला. जागा एकच राहिलीय, सही करणार का? तो माझ्यासमोर फोनवर म्हणाला, "न्हाई शेठ. मला आता गरज न्हाई. द्या ती दुसऱ्याला." फोन ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण तो इतका खूश होता, की मी म्हटलं, "भाजी दे."

दोन दिवसांनी दुपारी तो मला न सांगता यार्डात आला. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि फोनवर टिपून ठेवायचं होतं. मी खिडकीतून त्याला लांबून बघितलं. गेटाच्या आतल्या बाजूला, लिंबाखाली उभा होता. पलीकडून ट्रॅक्टर येत होते आणि प्रत्येकावर त्याचं गाणं होतं. त्याने फोन धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो डोळे पुसत होता. मला वाटलं, जाऊ दे, एवढं तर त्याला मिळालं.

मग एक ट्रॅक्टर माझ्या खिडकीशी आला. मी चिठ्ठी दिली. ड्रायव्हरने चिठ्ठी खिशात घातली आणि डेक बंद केला. दुसरा आला. चिठ्ठी, खिसा, बंद. तिसऱ्याने बंद करून वाघ लावला. मला हे रोजचं होतं. इतकं रोजचं की ते दिसणंच बंद झालं होतं. त्याला पहिल्यांदा दिसत होतं. पाचव्या की सहाव्या ट्रॅक्टरला त्याने फोन खाली घेतला.

तो एका ड्रायव्हरापाशी गेला. खिडकीपासून दहा पावलांवर. मला सगळं ऐकू येत होतं.

"बंद का केलं, दादा?"

"आता कशाला? नंबर घावला की."

"म्हंजी?"

"नंबराचं गानं हाय त्ये. खिडकीपातुर वाजवायचं. साहेबाच्या पोराचं हाय न्हवं." ड्रायव्हर हसला. "नवीन हाईस का? पहिलंच वाजवायचं फकस्त. पुढची कुनी लावत न्हाई."

त्याने मान हलवली. नवीन आहे अशी. मग तो रांगेच्या कडेकडेने चालत मागे गेला, मागे मागे, अगदी कुंपणापर्यंत. तिथे एक जुना ट्रॅक्टर उभा होता, एका ट्रॉलीचा. त्याचे मालक आणि ड्रायव्हर एकच, सत्तरीचे एक मामा, बांधावर बसून भाकरी खात होते. तिथलं बोलणं मला ऐकू आलं नाही. मुलाने नंतर सांगितलं, तेही एका वाक्यात. त्यांचा नंबर काल सकाळचा होता. डेक नव्हता. मामा त्याला म्हणाले होते, "आमच्याकडं गानं न्हाई बाबा, आमी बसतो." ट्रॉलीतल्या उसाची पानं पिवळी पडली होती. तो ऊस खरोखरच वाळत होता, आणि वाळला की काट्यावर हलका भरतो.

तो खिडकीशी आला. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही ओरडलो असतो.

"त्या मामांना आधी बोलवा," तो म्हणाला.

मी माईकवरून त्यांचा नंबर पुकारला. म्हातारा गडबडीने भाकरी फडक्यात गुंडाळत उठला.

"आन् आता सगळ्यांना सांगा. गान्यावर नंबर मिळत न्हाई म्हनून."

"अरे, हंगाम संपेपर्यंत तरी राहू दे. आठ-पंधरा दिवस. तू कंपनीचीही जागा घालवलीस. नाव होतंय तुझं. एकदा नाव झालं की—"

"सांगा, आप्पा."

मी माईक घेतला. बावीस वर्षांत त्या माईकवरून मी फक्त आकडे बोललो होतो. म्हणालो, "सगळ्या ड्रायव्हर लोकांनी ऐका. कुठलंही गाणं लावून नंबर मिळणार नाही. नंबर रांगेने मिळेल."

आधी खिडकीजवळचा एक डेक बंद झाला. मग त्याच्या मागचा. मग आत येणाऱ्या रांगेत एकेक करत ते मागे सरकत गेलं, खिडकीकडून लिंबाकडे, लिंबाकडून गेटाबाहेर. मुलगा खिडकीला पाठ लावून उभा होता आणि ऐकत होता. एखादा तरी चालू राहील म्हणून मीही ऐकत होतो. मी देवाला हात जोडले, खरंच जोडले, टेबलाखाली. एक शेवटचा डेक लांब कुठेतरी वाजत राहिला. आमच्या दोघांच्याही माना तिकडे वळल्या. मग त्यालाही कुणीतरी हाक मारून सांगितलं असावं. चरकाचा आवाज तेवढा राहिला.

"शेवटचं ऐकलं का तुमी?" त्याने विचारलं. "आठवं."

"हो," मी म्हणालो.

"कशावर हाय?"

मी चिठ्ठीचं पुस्तक चाळायला लागलो. तो गेटाकडे चालायला लागला. एका ड्रायव्हरने त्याला पाणी विचारलं. ते प्यायला तो थांबला, मग गेला.

शिफ्ट संपल्यावर मी घरी गेलो नाही. पुलाच्या अलीकडे गाडी लावली आणि फोनवर आठही गाणी ऐकली, पहिल्यापासून. ती चांगली आहेत का हे मला सांगता येणार नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याच गाण्यावर मत देत नाही. आठवं माझ्यावर होतं. त्यात तो सात वर्षांचा आहे आणि आपल्या सख्ख्या मामाच्या ट्रॅक्टरवर बसून यार्डात आलाय. दिवाळीचा दुसरा दिवस. मामा खिडकीशी येऊन म्हणतो, दाजी, तुमचंच पोरगं वर बसलंय, तेवढं पुढे घ्या. आणि खिडकीतला माणूस वर न बघता म्हणतो, नंबर एकसष्ट, थांबा. मामा शिव्या घालतो. पोरगं उसावर झोपतं, उठतं, पुन्हा झोपतं. ऊन उतरतं. हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. गाण्यात तो शेवटी म्हणतो की त्या दिवशी शेजारच्या ट्रॅक्टरवरच्या पोराला मी सांगितलं, खिडकीत बसलाय तो माझा बाप आहे, आणि तो माझ्यासाठीसुद्धा रांग मोडत नाही.

मी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकवलं नाही.